बाविसाव्या प्रश्नाचं चिन्ह

"जरा पेन देता?"

मी मान वर न करताच विचारलं. माझ्या पेनाने ऐन वेळी दगा दिला होता. पाणीपुरवठा ऑफिसच्या भिंतीवर सव्वाचार वाजले होते, भरती परीक्षेच्या हरकतींची खिडकी पाचला बंद होणार होती आणि आज शेवटचा दिवस.

शेजारून एक पेन पुढे आलं. धरणाऱ्याच्या नखांत ग्रीसच्या काळ्या रेघा होत्या, पण पेन मात्र लख्ख.

"भांडायला आलात वाटतं?"

"उत्तर चुकलंय त्यांचं. बाविसावा प्रश्न."

"पेपर काढणाऱ्यांचं उत्तर चुकलं?" त्याच्या डोळ्यांत हसू उतरलं. "मी पुलाजवळ पंप दुरुस्त करतो. गिऱ्हाईकसुद्धा मला एवढ्या ठामपणे चूक म्हणत नाही!"

मी कागद त्याच्याकडे सरकवला. उणे दोन एक्स हे सहापेक्षा लहान, तर एक्स किती?

"दोन्ही बाजूंना उणे दोनने भागायचं," तो म्हणाला. "एक्स उणे तीनपेक्षा लहान. मी हेच लिहिलं होतं."

"आणि इथेच फसलात, तुम्हीही आणि पेपरवालेही. ऋण संख्येने भागलं, की मधलं चिन्ह उलटतं. एक्स उणे तीनपेक्षा मोठा."

"उलटतं? ते का?"

"तीन मोठे की दोन?"

"तीन."

"आणि उणे तीन की उणे दोन?"

तो थबकला. "उणे... दोन."

"झालं तर! उणेने गुणा नाहीतर भागा, मोठ्याचं लहान होतं. विश्वास नसेल तर एक्सच्या जागी शून्य घाला. उणे दोन गुणिले शून्य म्हणजे शून्य, आणि ते सहापेक्षा लहानच आहे. मग शून्य उत्तरात यायला हवं ना? तुमच्या उत्तरात ते बसतच नाही."

त्याने ओठ हलवत हिशेब केला. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"मास्तरीणबाई, तुम्ही शाळेत भेटला असतात तर..."

"तर काय?"

"तर मागच्या बाकावर झोपलो नसतो."

मला हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदाच. मावशीच्या चष्म्याच्या दुकानात बसून, उणे नंबरांच्या काचा घासता घासता मी या परीक्षेचा अभ्यास केला होता. पुढच्या महिन्यात वयाची अट ओलांडणार होते. पुन्हा संधी नव्हती.

"एका मार्काने नोकरी गेली हो," मी बोलून गेले. "मला एकाहत्तर, यादीतल्या शेवटच्याला बहात्तर. प्रतीक्षा यादीत पहिली मीच!"

त्याचं हसू मावळलं. पण मी तेव्हा घड्याळाकडे बघत होते. पावणेपाच!

"दोन प्रती लागतात," खिडकीतले कारकून ओरडले. "आणि आमचं मशीन बंद आहे."

"आणा इकडे." त्याने माझा अर्ज उचलला. "कोपऱ्यावर झेरॉक्स आहे. मी पळत जातो, तुमच्या चपलेचा पट्टा तुटलाय."

खरंच तुटला होता. त्याने कधी पाहिला, कोण जाणे.

तो गेला आणि आतून शिपायाने हाक दिली, "निवड क्रमांक चाळीस! कागदपत्रं तपासायची आहेत!"

कारकुनांनी मान बाहेर काढली. "अहो, आत्ता तर इथेच होता. या बाईंना पेन देत होता."

चाळीस म्हणजे यादीतला शेवटचा. बहात्तर मार्कांचा! मी माझ्या हाताने माझा अर्ज, माझा एकुलता एक अर्ज त्याच्याच हातात दिला होता. माझा मार्क वाढला की त्याचा जाणार होता, आणि हे मीच त्याला शून्य घालून पटवून दिलं होतं.

पाचला दहा कमी.

मी उठले, अनवाणी दारापर्यंत गेले. रस्त्यावर तो नव्हता. कोपऱ्यावरही नव्हता. कोरा कागद घेऊन मी पुन्हा लिहायला बसले. पाचला पाच कमी. दुसऱ्याच्या हातात तकदीर देणारी मूर्ख मीच... डोळे भरून आले.

पाचला दोन मिनिटं असताना जिन्यावर धपधप पावलं वाजली. घामाने निथळत, धापा टाकत तो आला आणि त्याने तिन्ही कागद खिडकीत सरकवले. शिक्का पडला.

"तुम्हाला माहीत होतं," मी पुटपुटले.

"हो," एवढंच म्हणून तो तपासणीला आत गेला.

तीन आठवड्यांनी सुधारित यादी लागली. चाळिसावा क्रमांक माझा. प्रतीक्षा यादीत पहिला तो.

मावशीने पेढ्यांचा आग्रह धरला, पण मी तडक पुलाजवळचं दुकान गाठलं. तो उघड्या मोटारीपुढे बसला होता. मला बघून उभा राहिला.

"अभिनंदन, मास्तरीणबाई."

"त्या दिवशी झेरॉक्सला तेरा मिनिटं का लागली?"

त्याने चिंधीला हात पुसले.

"झेरॉक्स दोन मिनिटांत झाली होती. मग मी बस स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. एक बस आली... चढलोसुद्धा."

"मग?"

"पुढच्या स्टॉपला उतरलो. तिथून पळत आलो." त्याने मान खाली घातली. "तुम्ही मला चांगला समजत असाल, म्हणून सांगितलं. चांगला नाहीये मी."

"मीही तिथे बसून तुम्हाला चोर म्हणत होते. मनातल्या मनात, मोठ्याने."

"मग आता?"

रस्त्यावरून माणसं जात होती. माझे कान तापले होते. परीक्षेत, खिडकीत, कुठेच छाती इतकी धडधडली नव्हती.

"वर्षभराने पुन्हा परीक्षा आहे," मी म्हणाले. "तुमच्या वयाला अजून मुभा आहे. रोज संध्याकाळी सहाला मी शिकवीन."

"फक्त परीक्षेपुरतं?"

"नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि मला जे म्हणायचं होतं ते एकाच शब्दात निघालं.

"येशील ना... तू?"