डावीकडची गाठ

टिंब मीच विसरलो होतो. दुसऱ्याला शिव्या घालायचीही सोय नाही.

स्कॅनिंग केंद्रात यंत्राच्या आकड्यांतून चित्र बनवणारा प्रोग्राम मी लिहितो. त्यात एका ठिकाणी आकड्यांच्या ओळींचे स्तंभ करावे लागतात. प्रत्येक आकड्याचे दोन भाग, एक वास्तव, एक काल्पनिक. ओळी फिरवायच्या खुणेआधी टिंब दिलं तर नुसत्या ओळी फिरतात. टिंब राहिलं तर काल्पनिक भागाचं अधिक-उणंही पालटतं, आणि चित्रात डावं उजवीकडे जातं. सोमवारी प्रोग्राम नव्याने लिहिला. मंगळवारी ताईचा स्कॅन झाला. त्या चित्रात गाठ दिसली, म्हणून आज अकरा वाजता तिचं डावं मूत्रपिंड काढणार होते.

सव्वानऊला चित्र पुन्हा पाहिलं. चित्रात बाजू कळावी म्हणून प्रत्येक पेशंटच्या उजव्या कुशीला आम्ही तेलाची कॅप्सूल चिकटवतो. ती डावीकडे दिसत होती.

सर्जनबाईंना फोन लावला. "थांबा. बाजू चुकली असेल."

"अकराच्या आत नक्की सांगा."

फोनमध्ये मागून ताईचा आवाज आला, "त्याला लहानपणापासून डावं-उजवं कळत नाही हो! चपलासुद्धा उलट्या घालायचा." एवढ्यातही हसत होती बया. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

टिंब दिलं. कॅप्सूल उजवीकडे गेली. यकृत उजवीकडे गेलं.

गाठ जागची हलली नाही.

टिंब काढलं. सगळं अंग फिरलं. गाठ तिथेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. खुर्चीत बसवेना.

रोज सकाळी यंत्र तपासायला आम्ही घट्ट जेलीची एक सीलबंद बाटली स्कॅन करतो. बाटलीचं आजचं चित्र उघडलं. डावीकडे तीच गाठ.

हुश्श! बाटलीला कुठून गाठ होणार?

"यंत्राचाच दोष!" मी फोनवर जवळजवळ ओरडलो. "ताईला काही झालेलंच नाही. बाटलीतसुद्धा गाठ दिसतेय."

बोलता बोलता फळीवरची बाटली उचलून उजेडात धरली.

जेलीत, डाव्या बाजूला, शेंगदाण्याएवढं काहीतरी काळपट होतं.

"मग ताईंना घरी सोडू ना?" बाईंनी विचारलं.

मी बाटली हळूच फिरवली. तिच्यावर पुढे चिकटवलेली चिठ्ठी मागे गेली.

ते डावीकडेच राहिलं.