तिसऱ्या मजल्यावरची जाळी

विशाल, तो मोबाईल खिशात घाल. सपना, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही कुठली व्हॉट्सअॅपवर आलेली गोष्ट नाही. मला धम्मपालनं स्वतः सांगितली आहे.

धम्मपाल मानखुर्दला राहतो, वेल्डिंगची कामं करतो. माझी त्याची जुनी ओळख. भूतबीत मानणाऱ्यातला तो नाही. आमच्याकडे गणपतीला येतो, मोदक खातो आणि म्हणतो, "देव तुमचा, मोदक माझे." असा माणूस. त्याच्यावर हे गुदरलं.

दोन हजार पंचवीस सालची सतरा जानेवारी, शुक्रवार. मुलुंड पूर्वेला एक नवी इमारत झाली होती. लिफ्ट अजून बसली नव्हती, रंगही बाकी होता. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाईंनी संक्रांतीनंतरचा मुहूर्त धरला. शनिवारी सकाळी वास्तुशांत. आणि त्यांच्या दारासमोरच लिफ्टचं भोक. त्यावर ठोकलेला प्लायवूड नेमका त्या संध्याकाळी निखळला आणि तळाशी जाऊन पडला. सुशांत नावाचा तिथला सुपरवायझर घाबरला. त्यानं धम्मपालला फोन लावला.

"दादा, जाळी कापून तयार आहे. फक्त येऊन चिकटव. उद्या सगळ्यांची पोरं येणार, एखादं गेलं ना तर वाट लागेल रे."

धम्मपाल दहाच्या सुमारास पोचला. छोटं मशीन होतं, खांद्याला अडकवून जिना चढला. वनमालाबाईंच्या दाराला तोरण लागलेलं होतं. घरात अजून कोणी नव्हतं, सगळे सकाळीच येणार होते. त्यानं भोकाच्या लोखंडी चौकटीला जाळी टेकवली, दोन शिकंजे लावले, प्लग घातला. मशीनचा लाल दिवा लागला. त्याचा आतला पंखा अर्धा फिरला आणि थांबला.

त्यानं प्लग काढून परत घातला. तेच. झाकण उघडून आतली धूळ फुंकली. तेच. मग त्याचं लक्ष वायरीकडे गेलं. सुशांतनं तळमजल्यावरच्या बोर्डापासून वायर वर आणली होती, पण अर्धी वायर वेटोळ्यातच होती.

"वायर अशी गुंडाळलेली ठेवतात का? तापते ती. कोणी शिकवलं तुला?"

"यूट्यूबनं."

"मग त्यालाच बोलवायचं ना जाळी लावायला."

वेटोळं सोडून वायर जिन्यात पसरली. तरी पंखा अर्ध्यावरच थांबला. धम्मपालच्या पिशवीत कायम एक साधा बल्ब असतो, होल्डरला दोन वायरी काढलेला. मशीनला करंट पोचत नसेल तर तो आधी बल्ब लावून बघतो. त्यानं लावला. बल्ब लख्ख पेटला... आणि मंद झाला. परत पेटला. परत मंद. मग बराच वेळ मंदच राहिला.

धम्मपाल बघत राहिला. एका लाइनवर दोन वेल्डर असले की असंच होतं. तिकडचा रॉड टेकवतो, की इकडच्या बल्बची मान पडते. दोनदा टेकवून बघायचं, मग लांब जोड ओढायचा. मग थांबायचं, नवा रॉड लावेपर्यंत. बल्ब अगदी तसाच चालला होता.

"सुशांत, अजून कोणाला बोलावलंयस का?"

"एवढ्या रात्री कोण येणार, दादा? तू आलास हेच नशीब."

"खाली जाऊन बघ. कोणीतरी लाइन खेचतंय."

सुशांत उतरला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "दादा, बोर्डात एकच वायर आहे. आपली."

धम्मपालनं फोन ठेवला. त्याच्यासमोर बल्ब मंद होत होता.

मग आवाज आला. टक. टक. टक. जोडावरची खपली हातोडीनं पाडतात, तसा.

भोकातून.

"कोण आहे रे?"

आवाज थांबला. बल्ब लख्ख झाला आणि तसाच राहिला. धम्मपालनं बल्ब काढला, मशीन लावलं. पंखा भरकन फिरायला लागला.

मी असतो तर पळालो असतो. त्याला म्हटलंही तसं. तो म्हणाला, "समोर तोरण लागलं होतं रे. सकाळी पोरं येणार होती."

त्यानं तोंडावर मुखवटा ओढला. त्या काळ्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त रॉडचा उजेड दिसतो. त्यानं वरचा डावा कोपरा घेतला. जोडला. चांगला बसला. मग उजवीकडे सरकून रॉड टेकवला.

उजेड पडला.

त्याच्या शेजारी दुसरा उजेड होता. जाळीच्या पलीकडे.

त्यानं मुखवटा वर केला. अंधार. लिफ्टचं रिकामं भोक. मुखवटा खाली घेतला. रॉड टेकवला. दोन उजेड. त्याचा उजवीकडे सरकला. तोही सरकला. काचेत दिसत असेल आपलाच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आणि रॉड उचलला.

त्याचा उजेड गेला.

दुसरा... चालूच राहिला.

जिना कसा उतरला ते त्याला आठवत नाही. खाली येऊन सुशांतला एवढंच म्हणाला, "मेन पाड. मीटरच्या खोलीला कुलूप लाव."

"आणि जाळी?"

"एकच कोपरा झालाय. लहान पोरानं ढकलली तरी जाईल."

म्हणून दोघं घरी गेले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी बसले, कोणी लवकर आलं तर वर जाऊ नये म्हणून. रात्रभर.

काय म्हणालीस, सपना? खाली बसून काही ऐकू आलं का? मीही विचारलं होतं. धम्मपाल म्हणाला, ते विचारू नको.

आणि विशाल, तुझ्या मनात काय आहे तेही कळतंय मला. कोणी पडलं होतं का तिथं? मी स्वतः जाऊन विचारलं. वॉचमनला, सुशांतला, मिस्त्रीला. तिघं नाही म्हणाले. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले.

उजाडलं तसे दोघं दोरखंड घेऊन वर गेले. निदान दुपारपर्यंत जाळी बांधून ठेवू, म्हणून. शिकंजे खाली पडले होते. जाळी जागेवर होती. धम्मपालनं धरून ओढली. हलली नाही. पाय लावून ओढली.

हलली नाही.

सुशांतनं खिसा चाचपला. मीटरच्या खोलीची किल्ली होती.

बाहेरून एकच कोपरा जोडलेला, धम्मपालनं केलेला. बाकी सगळी चौकट जोडली होती आतून. त्या बाजूला फळी नाही, कठडा नाही. सरळ तीन मजले भिंत. पाय ठेवायला जागा नाही.

धम्मपालनं जाळीतून बोट आत घातलं. जोडाला लावलं. आणि झटकन मागे घेतलं.

कधी भेटला तर बघा. त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाला पांढरा डाग आहे.

भाजल्याचा.