डाव्या बाजूने बोललेलं

नारायण पेठेतल्या हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीशी प्रियदर्शनी क्षणभर थबकली. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन तिला दोन महिने झाले होते, श्रवणयंत्रं विकायची नोकरी लागून आठ दिवस. साहेबांनी बजावलं होतं, गिऱ्हाईक पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला जोखतं. हसा, आवाज कापू देऊ नका. सहा ठिकाणी तिचा आवाज कापला होता. आजही काही विकलं नाही, तर उद्यापासून येऊ नका म्हणाले होते.

यंत्रासाठी कंपनीला फोन केलेला दुकानदार सलिल हार्मोनियमचा भाता उघडून बसला होता. त्याच्या डावीकडे उभं राहून तिने पाठ केलेलं सगळं रस्त्याच्या गोंगाटात एका दमात पुटपुटून टाकलं. त्याने मान वरसुद्धा केली नाही. निघावं म्हणून ती वळली, तेव्हा कुठे तो दचकला.

"कधी आलात?"

"मघाशीच. बोलूनही झालं सगळं."

"मग आता उजवीकडून बोला. डावीकडची शाखा बंद आहे."

तिला हसू आलं, आणि भीती जरा सैल झाली. त्याच्या मागे उभं राहून ती हळू आवाजात एकेक शब्द म्हणू लागली. तो म्हणून दाखवू लागला. मग उजवा कान बोटाने बंद करायला सांगून ती डावीकडे सरकली. शब्द म्हटला. पुन्हा म्हटला. तो पुढच्या शब्दाची वाट बघत तसाच बसून होता.

कधीपासून, तिने विचारलं. परवा सकाळी उठलो तेव्हापासून, तो म्हणाला. सूर लावणाऱ्यालाच ऐकू येत नाही हे गिऱ्हाइकांना कळलं, तर दुकानात कोण येईल? असेल ते यंत्र द्या, आजच.

ऑर्डरचा फॉर्म तिच्या हातात होता. असं अचानक ऐकू येईनासं झालं तर आधी डॉक्टर, हे प्रशिक्षणात ओझरतं सांगितलं होतं. तिने फॉर्म पिशवीत परत ठेवला.

"मी तुम्हाला काही विकणार नाही. आत्ता डॉक्टरांकडे चला. उशीर झाला, तर गेलेलं परत येत नाही म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला. भाता मिटत तो म्हणाला, "एकट्याला... भीती वाटते."

"मलाही," ती म्हणाली, आणि रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेली.

नोकरी गेलीच. नवी शोधता शोधता ती रोज त्याच्याबरोबर दवाखान्यात जात राहिली. तपासणीच्या खोलीचं दार बंद झालं, की ती बाहेर दाराकडे बघत बसे. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, बरंचसं परत आलंय. सगळं येईल असं नाही.

बाहेर बाकावर सलिल मुद्दाम तिच्या उजवीकडे, डावा कान तिच्याकडे येईल असा बसला.

"काहीतरी बोला ना. या कानात."

तिने ओठ कानाशी नेले. पहिल्या दिवसापेक्षा जास्त धडधडत होतं.

"मला तुम्ही आवडता," ती कुजबुजली.

तो समोर बघत राहिला. तिला वाटलं, आलंच नाही ऐकू? की ऐकून...? सगळा धीर गोळा करून तिने तेच पुन्हा म्हटलं.

त्याने हलकेच तिचा हात हातात घेतला.

"पहिल्यांदाच आलं होतं ऐकू," तो म्हणाला. "पण खात्री करून घ्यावी म्हटलं."