सातव्या रांगेतला खांब

वाचायच्या चष्म्यातून नीट दिसतं का हे बघायला एका गिऱ्हाइकाने खिशातून कागद काढला, वाचून पाहिला, मान डोलावली आणि कागद काउंटरवर तसाच टाकून ते निघून गेलं. थोरलीने तो टोपलीत टाकण्यासाठी उचलला, आणि उचलता उचलता वाचला. गावाबाहेरचं ड्राइव्ह-इन थिएटर, जे बंद पडून वीस वर्षं झाली होती, ते या शनिवारी एका संध्याकाळपुरतं पुन्हा सुरू होणार होतं. नंतर त्या जागेवर गोदामं उभी राहायची होती. जुना पडदा, जुने खांब, जुने स्पीकर. आपापली गाडी घेऊन या, असं खाली लिहिलं होतं.

दोन बहिणींतली ही मोठी, म्हणून थोरली. वय पंचेचाळीस झालं, स्वतःचं चष्म्याचं दुकान झालं, तरी बाबांच्या तोंडी तेच नाव राहिलं होतं. बाबा आता तिच्याकडेच असायचे. एके काळी अर्ध्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवलं होतं. आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे आणि आठ वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या ओळखीच्या ठिकाणी नेत जा, बरं वाटेल त्यांना. थोरलीने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्या थिएटरच्या आठवणीवर तिचं सगळं लहानपण उभं होतं. दर शनिवारी आई दोघींना अंधार पडायच्या आधीच झोपायचे कपडे चढवायची, वर स्वेटर. बाबांची शिकवणीची पांढरी गाडी, टपावर लाल अक्षराची पाटी. ती पाटी ते सुट्टीच्या दिवशीही उतरवत नसत. फाटकातून आत शिरलं की चाकांखाली खडी कुरकुरायची. पडद्याच्या पायथ्याशी घसरगुंडी होती, तिथे खेळता खेळता अंधार व्हायचा आणि सगळी पोरं आपापल्या गाडीकडे धूम ठोकायची. बाबा खांबावरचा लोखंडी स्पीकर काढून काचेला अडकवायचे. मैदानावर असे दीडशे स्पीकर एकदम बोलायचे. गाडीबाहेर पाय टाकला की वाटायचं, अंधारच कुजबुजतोय. सिनेमाचा शेवट थोरलीने कधीच पाहिला नाही. मागच्या सीटवर झोपायचं आणि सकाळी आपल्या अंथरुणात जागं व्हायचं, हे तिला त्या वयात जादूसारखं वाटे.

अशाच एका शनिवारनंतरच्या सकाळी आई घरात नव्हती.

"गेली ती," दहा-बारा दिवसांनी बाबा म्हणाले होते. "दुसऱ्या माणसाबरोबर गेली. तुम्हाला टाकून गेली. तिचं नाव या घरात काढायचं नाही." थोरली तेव्हा आठ वर्षांची, धाकटी चार. नाव काढलं गेलं नाही. शाळेत आईचं नाव लिहायची वेळ आली की थोरली पेन्सिल इतकी दाबायची की कागद फाटायचा. स्वतःच्या लग्नात कुणीतरी आईचा फोटो पाटावर ठेवला, तेव्हा तो तिने स्वतःच्या हाताने उलटा केला. सदतीस वर्षांत तिने त्या बाईसाठी एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

शनिवारी सूर्य मावळता मावळता ती बाबांना घेऊन तिथे पोहोचली. पंचवीस-तीस गाड्या आल्या असतील. एवढ्या मोठ्या मैदानात त्या इकडेतिकडे विखुरल्या होत्या. गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. पडद्याचे दोन-तीन पत्रे निखळले होते आणि त्या भोकांतून मागचं आभाळ दिसत होतं. मागेच जुनी दगडाची खाण होती, तिच्यात साचलेल्या पाण्याचा कुबट वास वाऱ्याबरोबर येत होता.

"सातवी रांग," बाबा म्हणाले. "कडेचा खांब."

थोरली चकित झाली. ज्यांना घराचा जिना सापडत नाही, त्यांना रांग आठवत होती. तिने गाडी तिथे लावली, स्पीकर काचेला अडकवला. आतून आधी खरखर आली, मग जुनी वाद्यं. बाबा मांडीवर बोटांनी ताल धरत होते. तिला बरं वाटलं. पैसे वसूल, असं ती मनाशी म्हणालीसुद्धा.

अंधार झाला. पडदा उजळला. थोड्या वेळाने बाबा मागे वळून रिकाम्या सीटकडे बघू लागले.

"मुली झोपल्या," ते हळूच म्हणाले.

त्यांना कधी कधी असं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका, त्यांच्या कलाने घ्या.

"झोपल्या," थोरली म्हणाली.

"मग जा तू. काहीतरी खायला घेऊन ये. मी आहे इथे."

आवाज प्रेमळ होता. जरा जास्तच प्रेमळ. तिने गाडीची किल्ली काढून मुठीत घेतली, बाबांचा पट्टा नीट लावला आणि खाली उतरली.

खाऊ विकायच्या खिडकीशी चार माणसं उभी होती. पाच मिनिटं लागली असतील, फार तर सात. दोन पुड्या घेऊन ती परत आली. पाचवी रांग, सहावी, सातवी. कडेच्या खांबाशी आली आणि थांबली.

गाडी नव्हती.

स्पीकर खांबाला लटकत होता आणि एकटाच बोलत होता. खाली गवत उभं होतं. चाकांनी दाबलेलं नाही, सरळ उभं. थोरलीने मूठ उघडून पाहिली. किल्ली हातातच होती. आपण रांग चुकलो असू, असं म्हणून तिने खांबावरचा आकडा बोटाने चाचपला. सात.

"तुमचीही गाडी दिसत नाही का?"

खांबाच्या पलीकडे एक बाई उभी होती. पडद्याचा उजेड हलेल तसा तिचा चेहरा दिसत होता आणि नाहीसा होत होता. दोन कागदी पुड्या तिने सांडू नयेत म्हणून छातीशी धरल्या होत्या.

"आत्ता तर इथे होती..." थोरली म्हणाली.

"आमचीही. येतील हो. यांना सवय आहे अशी गंमत करायची. जरा पुढे नेऊन लावली असेल." बाई हसल्यासारखी वाटली. "मला घाई एवढ्यासाठीच, की मुली मागे झोपल्यात. धाकटीचं काही नाही, पण थोरली पांघरूण लाथाडते. गारठेल ती."

तो आवाज आपण विसरलोय, असं थोरली इतकी वर्षं समजत होती. कान विसरले नव्हते.

"किती वेळ झाला... तुम्ही शोधताय?"

"आत्ताच तर मी गेले होते खिडकीशी."

"आई," थोरली म्हणाली. शब्द इतक्या वर्षांनी तोंडात आला होता की जिभेला जड लागला.

"हो, त्यांची आई मीच," बाई म्हणाली. "तुम्हाला कुठे दिसली तर सांगाल? पांढरी गाडी आहे. टपावर शिकाऊची लाल पाटी. चटकन ओळखू येईल."

ती तिशीची होती. थोरलीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिने थोरलीकडे परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने पाहिलं, पुड्या सावरल्या आणि ती शेजारच्या गाडीकडे गेली. काचेशी वाकली. आत पाहिलं. पुढच्या गाडीकडे गेली, तिथेही वाकली. गाडीतली माणसं पडद्याकडेच बघत राहिली. फक्त एकाने गार वारा लागल्यासारखी काच वर केली. अशी रांगेमागून रांग करत ती पडद्याच्या दिशेने गेली आणि पडद्याखालच्या काळोखात दिसेनाशी झाली.

मागे हॉर्न वाजला. थोरली दचकून वळली. गाडी तिच्या हाताच्या अंतरावर उभी होती, खांबाशी, जिथे लावली होती तिथेच. आत बाबा पट्टा लावून बसले होते.

ती आत बसली. दार दोनदा ओढावं लागलं.

"आलीस," बाबा म्हणाले. तिच्याकडे न बघता. "मला वाटलंच होतं, चालत येशील."

मग अगदी हलक्या आवाजात, ज्या आवाजात ती बाई बोलली होती त्याच आवाजात, थोरलीने विचारलं, "का गेलात मला सोडून?"

"तू का गेलीस त्या दुसऱ्याकडे गाडी शिकायला?" बाबांच्या आवाजात दुःख नव्हतं, जुना राग होता. "मी अख्ख्या गावाला शिकवतो आणि माझी बायको दुसऱ्याच्या गाडीत बसून क्लच दाबते. लोक तोंडावर हसत होते माझ्या. म्हटलं, एकदा चालू दे पायी घरापर्यंत... कळेल."

"मग?"

"तासाभराने परत आलो ना मी. मुलींना घरी निजवलं आणि आलो. सगळं बंद झालं होतं. हाका मारल्या. फार नाही मारल्या... कुणी ऐकलं असतं. त्या खाणीकडून पायवाट होती रस्त्याला. जवळची वाट. तू तिथून गेली असशील..." ते थांबले. स्पीकरमधून कुणीतरी गोड हसलं. "आठ दिवसांनी तो शिकवणाराही गाव सोडून गेला. मग लोकांनीच म्हटलं, त्याच्याबरोबर गेली. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि मुलींना?"

"मुलींना काय... लहान होत्या. विसरल्या."

थोरलीच्या डोळ्यांपुढे तो लग्नातला फोटो आला, उलटा केलेला. ते काम तिने आपल्या हाताने केलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. खाणीत कुणी उतरलं नाही, कुणी शोधलं नाही, कारण पळून गेलेल्या बाईला कोण शोधतं? आणि जिने शोधायला हवं होतं, तिला आठव्या वर्षीच द्वेष करायला शिकवून ठेवलं होतं. बाबा चांगले शिक्षक होते. त्यांचं शिकवलेलं कुणी विसरत नसे.

"बाबा," ती म्हणाली, आपल्या स्वतःच्या आवाजात. "मी थोरली आहे."

बाबांनी मान वळवली. कितीतरी महिन्यांत दिसली नव्हती अशी समज त्यांच्या डोळ्यांत क्षणभर लख्ख दिसली.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मग ती समज विझली. ते परत पडद्याकडे बघू लागले आणि बोटांनी ताल धरू लागले. त्यानंतर या विषयावर ते कधीच बोलले नाहीत.

थोरलीने त्यांना जेवू घातलं, गोळ्या दिल्या, अंगावर पांघरूण घातलं. हात रोजची कामं रोजच्यासारखी करत होते आणि तिला त्या हातांचा राग येत होता. रात्रभर ती डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली. सोमवारी ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि तो म्हणाला की ताई, साक्षीदार म्हणजे एक आजारी म्हातारा, आणि दुसरा कोण, ते तुम्हीच सांगा. तरी दोन माणसं तिच्याबरोबर आली. गोदामवाल्यांनी रविवारीच काम सुरू केलं होतं. खाणीचं अर्धं तोंड मुरमाने बुजलं होतं. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, निदान ते दोघे तरी तसं म्हणाले.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून तिने शटर ओढून घेतलं आणि आतल्या स्टुलावर बसून धाकटीला फोन लावला. धाकटी लांबच्या शहरात असायची, वर्षातून एकदा यायची. थोरलीने सगळं सांगितलं. मैदानात काय दिसलं ते सोडून. तेवढं मात्र तिच्या तोंडून निघेना. बाबा काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं.



"ताई," धाकटी म्हणाली, "बाबा खोटं बोलतायत."

"या वयात? कशाला बोलतील खोटं? आणि स्वतःच्याच विरुद्ध?"

"मग त्यांना नीट आठवत नसेल. सोडून नव्हते आले ते तिला. आई गाडीत होती." धाकटी सावकाश बोलत होती, अनेक वर्षं मनात ठेवलेली गोष्ट बोलावी तसं. "मला जाग आली होती ना वाटेत. मागेच बसली होती, आपल्या दोघींच्या मध्ये. मला थोपटत होती. तू तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होतीस. हात कसला गार होता तिचा, मी म्हटलं पण तिला, तर म्हणाली, गप, बाबांना कळेल."

दुकानातल्या आरशांत थोरली सगळीकडून एकटीच दिसत होती.

"घरी आल्यावर बाबांनी आधी तुला उचललं, मग मला," धाकटी म्हणाली. "ती तिथेच बसून राहिली. मी बाबांच्या खांद्यावरून बघत होते. गाडीचं दार लावलं त्यांनी, आणि ती आतून काचेला हात लावून बघत होती आपल्याकडे... ताई, मग तिथे मैदानात कोण राहिलं होतं?"