लाकडी बटणाचा झोका

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. लंबकाचा प्रयोग दरवर्षी करून घेते, त्यामुळे दोरा दिसला की लांबी मोजायची मला खोडच लागली आहे. धाकटा भाऊ एकटाच यान घेऊन अंतराळात निघाला तेव्हाही मी तेच केलं. घरात आम्ही त्याला टिल्लू म्हणायचो, सहा फूट वाढला तरी. माझ्या जुन्या कोटाचं लाकडी बटण मागून घेऊन त्यानं ते दोऱ्याला बांधलं होतं.

"समोर टांगणार. दोरा सैल पडला की समजायचं, वजन गेलं."

मी पट्टी लावली. पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे जमिनीवर एका झोक्याला एक सेकंद.

यान परत आलं नाही. चौकशीचा अहवाल अकरा पानांचा होता. एकशेचाळीस किलोमीटर उंचीवर इंजिन बंद पडलं, यान फेकलेल्या दगडासारखं वर जाऊन खाली आलं आणि वातावरणात शिरताना जळालं. सोबत शेवटच्या चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. टिल्लूच्या बायकोला, वहिनीला, ते एकटीनं ऐकवेना, म्हणून रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली.

आधी आकडे वाचणारा टिल्लूचा आवाज. मग इंजिनाची घरघर एकदम थांबली. नुसती खरखर. आणि त्या खरखरीमागे काहीतरी वाजायला लागलं.

"ताई, हे टकटक काय आहे?"

बटण होतं ते. झोका घेऊन समोरच्या पत्र्याला लागत होतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि घड्याळाकडे बघत मोजलं. चाळीस सेकंदांत चाळीस टक.

"इंजिन बंद, बाहेर हवा नाही," मी म्हणाले. "अशा वेळी यान आणि बटण एकत्रच पडत असतात. दोरा सैल हवा. झोका घ्यायला वजन लागतं, वहिनी. आणि याला जमिनीवर असतं तेवढं वजन आहे."

"म्हणजे तो पडत नव्हता?"

"यान कशावर तरी टेकलं होतं."

आम्ही दोघींनी खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. लहानपणी दुर्बिणीतून पहिल्यांदा चंद्र पाहिला तेव्हा आला होता, तसा.

रेकॉर्डिंग चालूच होतं. टकटक थांबली.

लंबक असा थांबत नाही. हळूहळू विझतो. हा भर झोक्यात थांबला, कुणी मुठीत धरावा तसा. टिल्लूचे दोन्ही हात शेवटपर्यंत यान चालवायच्या दांड्यांवर होते, हे अहवालातच लिहिलं होतं.

मग त्याचा आवाज आला. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलायचा तसा, हलका.

"नाही, राहू द्या. आवडलं असेल तर ठेवा."

अहवालात त्या जागी 'अस्पष्ट' एवढंच छापलं होतं.

वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यानाच्या नोंदी ठेवणाऱ्या अभियंत्यासमोर जाऊन बसले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"यान स्वतःभोवती फिरत असेल, मॅडम. त्यानंही वजन भासतं."

"मग अँटेनाही फिरली असती. आवाज कमीजास्त झाला असता. तो एकसारखा आहे."

त्यानं चष्मा काढला. उठून दार लावून घेतलं.

"ती चार मिनिटं आम्ही तोडून दिलीत."

"पुढचं कुठे आहे?"

"पुढचं संपलेलं नाही. सात महिने झाले, अजून येतंय. त्याच उंचीवरून. तिथे दिसत मात्र काही नाही."

मी खुर्ची पुढे ओढली.

"परवा तो हसला," अभियंता हळूच म्हणाला. "मग बाकीचेही हसले."