न फुटलेले आवाज

हेमलता साकोळकरांनी पेटीवर काळी चारचा सूर धरला आणि दहावीची मुलं समूहगीत म्हणू लागली. लातूर शहराबाहेरच्या या निवासी शाळेचं गायन जिल्ह्यात नावाजलेलं होतं. उंच, कोवळे, स्वच्छ सूर. गेली काही वर्षं स्पर्धेची ढाल शाळेबाहेर गेलीच नव्हती.

त्या दिवशी मागच्या रांगेत एक नवा मुलगा होता, रेवणसिद्ध. वडिलांची बदली झाल्यामुळे तो वर्षाच्या मध्येच आला होता. अंतऱ्याला त्याचा आवाज चिरकला आणि घोगरा होऊन खाली घसरला. मुलं हसली. रेवणच्या ओठावर मिसरूड फुटलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला.

"हसू नका रे. तुमचेही आवाज असेच फुटणार आहेत," बाई सवयीने म्हणाल्या, आणि पेटीवरचा त्यांचा हात थांबला.

कधी फुटणार? समोरची मुलं पंधरा-सोळा वर्षांची होती. पूर्वी आठवी-नववीत निम्मी मुलं गाण्यातून गळायची. आवाज फुटला की त्यांना तबल्यावर नाहीतर टाळांवर बसवावं लागायचं. या तुकडीतलं एकही मूल गळलं नव्हतं. पाचवीतलं गाणं ती आजही त्याच पट्टीत गात होती. आपण तालीम चांगली देतो, असंच बाईंना इतके दिवस वाटत आलं होतं. दुसऱ्या रांगेत त्यांचा स्वतःचा निहार उभा होता. गालावर लव नाही, खांदे अजून लहान पोरासारखे अरुंद. आणि उजव्या कानामागे, वसतिगृहातल्या सगळ्यांच्या असते तशी, कातडीच्या रंगाची गोल टिकली.

ही मुलं पाचवीत असताना निजटिकली शाळेत आली तेव्हा पालकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. मोबाइल आणि अभ्यास यांच्या ओढाताणीत मुलं झोपत नव्हती. वर्गात पेंगत होती, चिडत होती. टिकलीतून मेलाटोनिन कातडीत झिरपायचं. अंधार पडला की शरीर स्वतःच तयार करतं ते संप्रेरक. वसतिगृहाचे दिवे मालवले की टिकली कामाला लागायची आणि मुलं झोपी जायची. शरीराला सवय होईल तशी ती मात्रा आपणहून वाढवायची. गोळी नाही, सुई नाही. वेष्टनावर 'संपूर्ण नैसर्गिक' असं छापलेलं. निकाल वर गेले. पहिल्या तासाला मुलं जरा जडावलेली असायची, कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला फार खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडायची. पण एवढं चालायचंच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्याच आठवड्यात हेमलताबाई निहारला घेऊन डॉक्टर इरफान काझींकडे गेल्या. संप्रेरकांच्या आजारांवर शहरात त्यांचाच शब्द चालायचा. डॉक्टरांनी निहारच्या हाताचा एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हाडांवरून बघितलं तर हा मुलगा अकरा वर्षांचा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मेलाटोनिन हे झोपेचं औषध आहे असं लोक समजतात. तो खरं म्हणजे निरोप आहे. मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी शरीराला कळवते, अंधार झाला. लहानपणी हा निरोप जोरात असतो, वयात येताना मंदावतो. टिकलीने तो मंदावू दिलेला दिसत नाही. याच्या शरीराच्या हिशेबी अजून लांबलचक रात्रच चालू आहे."

"पण हे निर्धोक असतं ना? मीसुद्धा एकदा परदेश प्रवासात गोळ्या घेतल्या होत्या."

"तुम्ही मोठ्या वयात, थोडे दिवस घेतल्या. बहुतेकांना ते सोसतं. रक्त पातळ करणारी किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर तेवढंही विचारल्याशिवाय घेऊ नये. इथे वाढत्या मुलांना वर्षानुवर्षं, आणि मात्रा चढवत चढवत. हे करून आधी कुणी पाहिलंच नव्हतं. टिकली औषध म्हणून आली असती तर चाचण्या झाल्या असत्या. ती आली पूरक आहार म्हणून."

"काढली तर?"

"हळूहळू उतरवू. काही काळ झोपेचे हाल होतील. वाढ सुरू होईल, बहुतेक."

"बहुतेक?"

"याच्या आधीचं उदाहरण माझ्यापाशी नाही, मॅडम."

"सर, पण माझी बोर्डाची परीक्षा आहे," निहार म्हणाला. त्याचा तो कोवळा आवाज हेमलताबाईंना ऐकवेना. त्यांनी मान वळवली.

बाईंनी हे सांगितल्यावर शाळेने पालकांची सभा बोलावली. मुख्याध्यापक निटुरे सर वाईट माणूस नव्हते. "डॉक्टरांचं खोटं आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण आज सगळ्या टिकल्या उतरवल्या आणि पोरं महिना-दोन महिने जागी राहिली, तर या वर्षाचं काय करायचं? परीक्षा होऊ द्या, मग ठरवू."

मागच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. सुनंदा मोरगे, मुलगी अक्षरा दहावीतच. "माझ्या मुलीची पाळी अजून आलेली नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला माहीत होतं. बाकीच्या आयांनाही माहीत असेल. उशिरा आली तर अभ्यासाला बरंच, असं मला वाटलं." त्या बसल्या. मग निटुरे सरांनी हात वर करायला सांगितले, आणि टिकली परीक्षेपर्यंत ठेवण्याच्या बाजूने हातच हात वर झाले. त्यांत सुनंदाबाईंचा होता. नांदेडच्या नोकरीवरून मुद्दाम आलेल्या विलासचा, निहारच्या वडिलांचाही होता.

"उशिरा मोठा होईल, एवढंच ना?" बाहेर आल्यावर विलास म्हणाला.

"अहो, तो मोठा होईलच, असं डॉक्टर म्हणालेले नाहीत."

हेमलताबाईंनी त्याच दिवशी निहारचं सामान वसतिगृहातून घरी हलवलं.

काझींनी सांगितल्याप्रमाणे टिकलीची मात्रा उतरत गेली आणि एके दिवशी कानामागे नुसता फिकट गोल डाग राहिला. पण झोप परत आली नाही. सकाळी निहारचे डोळे तांबारलेले असायचे. वाचताना ओळी एकमेकींवर चढतात, म्हणायचा. सराव परीक्षेत त्याचा नंबर पार खाली गेला. वसतिगृहातले मित्र सुरुवातीला फोन करायचे, मग तेही थांबले. एका दुपारी बाई घरी आल्या तेव्हा तो कपाटाला टेकून जमिनीवर बसला होता आणि नखाने तो डाग ओरबाडत होता.

"आई, एकदाच लाव. परीक्षेपुरती. डोक्यात कुणीतरी दिवा लावून ठेवलाय, तो मालवतच नाही."

टिकल्या घरात होत्या. विलासने आणून ठेवल्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. बाईंनी एक हातात घेतली, मागचा कागदही सोलला. निहारने केस बाजूला करून मान पुढे केली, लहान मूल लसीसाठी दंड पुढे करतं तशी. त्यांनी ती टिकली चुरगाळली आणि बाकीच्या घेऊन त्या खाली कचरापेटीपर्यंत गेल्या. त्यानंतर बरेच दिवस निहार त्यांच्याशी बोलला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला. त्याचे मित्र वरच्या गुणांनी पुढे गेले. तो पास झाला.

पावसाळा सरत आला तेव्हा हेमलताबाई त्याला पुन्हा तपासणीला घेऊन गेल्या. काझींच्या दवाखान्यात या वेळी बसायला जागा नव्हती. शाळेतल्या ओळखीच्या कितीतरी आया तिथे होत्या, कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. तपासणी उरकून हेमलताबाई बाहेर आल्या तेव्हा सुनंदाबाईंनी सरकून त्यांना बाकावर जागा दिली. पलीकडे अक्षरा बसली होती. परीक्षा होऊन गेली तरी तिच्या कानामागे टिकली अजून होती. डॉक्टरांनी आत निहारच्या हाताचा नवा एक्स-रे जुन्याशेजारी ठेवून पाहिला होता, आणि अजून वाट पाहू या, एवढंच सांगितलं होतं.

"झोप लागते का त्याला आता?" सुनंदाबाईंनी हळूच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "तुकड्यातुकड्यांनी," हेमलताबाई म्हणाल्या. "दचकून उठतो."

"आणि ते दुसरं? सुरू झालं?"

"अजून नाही."

सुनंदाबाईंनी अक्षराकडे पाहिलं. ती भिंतीला डोकं टेकून शांत बसली होती, बालवाडीतली मुलगी दमून बसावी तशी. सुनंदाबाईंनी तिचे केस मागे सारले, टिकलीच्या कडेखाली नख घातलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा. काढू का मी?"