यंत्राच्या नावे साठ रुपये

आमच्या हिशेबाच्या वहीत रोज साठ रुपये खर्च व्हायचे आणि तेच साठ रुपये पेटीत जसेच्या तसे सापडायचे. तीनशे दिवस हे चाललं होतं. खर्च झाला तर पैसे जायला हवेत ना? आणि पैसे गेलेच नाहीत, तर खर्च झाला कसा? खजिनदार मी होते, म्हणून ही डोकेदुखीही माझीच होती.

मी हेमा सुरवसे. औशाजवळच्या आमच्या शाळेत नववीला उद्योगाचा तास असतो. दोन्ही तुकड्यांनी मिळून एक खराखुरा धंदा सुरू करायचा, दहावी संपेपर्यंत चालवायचा आणि मग नव्या नववीच्या हाती द्यायचा, असा तिथला रिवाज. मोठी माणसं हिशेबाला हात लावत नाहीत. "वही तुमची, चूकही तुमची," असं हा तास घेणारे पोफळे सर पहिल्याच दिवशी सांगून मोकळे होतात. खजिनदाराची सही असल्याशिवाय पेटीतला एक रुपयाही हलत नाही.

आम्ही त्र्याहत्तर जणांनी प्रत्येकी सहाशे रुपये भांडवल (धंदा सुरू करायला घातलेला पैसा) जमवलं आणि त्रेचाळीस हजार आठशे रुपयांना हवेतून पाणी काढणारं यंत्र घेतलं. त्याच्या पोटात चाळण्या होत्या आणि चाळण्यांत बारीक सच्छिद्र दाणे. दाणे हवेतली वाफ धरून ठेवायचे आणि तापले की सोडून द्यायचे. मग त्या वाफेचं पाणी व्हायचं, रोज साठ लिटर. ते आम्ही बसथांब्यावर पाच रुपये लिटरनं विकायचो. यंत्राचं नाव आम्ही झिरप्या ठेवलं होतं.

झिरप्या बोलायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी त्याला धडे वाचून दाखवले होते आणि त्यातूनच तो बोलायला शिकला होता. त्यामुळे त्याचा आवाज कधी माझा असायचा, कधी दुसऱ्या कुणाचा. रोज संध्याकाळी पाच वाजता तो आकडे सांगायचा आणि मी ते वहीत उतरवायची. "जमा तीनशे. बाटल्या धुणं, जागेचं भाडं, वीज मिळून एकशे ऐंशी. यंत्र साठ. नफा साठ." एवढं झालं की तो थोडा थांबायचा आणि न विचारता आणखी एक आकडा सांगायचा. तो आकडा रोज एकानं कमी व्हायचा. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर तो आकडा आला की मुलं दप्तर उचलून बाहेर पडायची.

तीनशेव्या दिवशी, शुक्रवारी, पेटी मोजली. पेटीत छत्तीस हजार आणि वहीतला नफा अठरा हजार!

"हेमे, अठरा हजार जास्तीचे निघाले की गं!" तबस्सुम टेबलावर चढायचीच बाकी होती. तबस्सुम शेख आमची अध्यक्ष आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. "त्या डबड्यात बिघाड झालाय. ते यंत्राचे साठ खोडून टाक. बसचं भाडं बरोब्बर छत्तीस हजार आहे!"

बस समुद्राला जाणार होती. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नाही. सगळे हात वर झाले आणि सगळ्यांत आधी माझा. सही सोमवारी करायची ठरली.

खोडाखोड करायला रविवारी भर दुपारी मी शाळेत गेले. एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. पटांगणात चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळेत झिरप्याची टपटप चालू होती. मी बाकावर बसले, वही उघडली आणि पहिल्या दिवसाच्या साठ रुपयांवर रेघ ओढली. टपटप थांबली.

"हेमा, काय करायलीस?"

मी वही फाटकन मिटली. तो आवाज माझाच होता.

घाबरले की मला राग येतो, माझा स्वभावच तसा आहे. "खोटा खर्च खोडतेय! साठ रुपये कुणाला दिलेस रे? पैसे तर पेटीतच आहेत. इतके दिवस मला येड्यात काढलंस!"

"खालचा कप्पा उघड," तो म्हणाला.

मी कप्पा ओढला. आत मूठभर करडी भुकटी होती. मी बोट लावलं तर ती कोमट लागली.

"हे काय आहे?"

"मी," झिरप्या म्हणाला.

मी हात झटकन मागे घेतला.

"काल विकलेल्या पाण्यात हवा होती, ऊन होतं, तुमचं काम होतं आणि माझे थोडे दाणे झिजले होते," तो सावकाश सांगत होता. "हवेला आणि उन्हाला पैसे पडत नाहीत. बाटल्या धुणाऱ्या मावशींना तुम्ही पैसे देता. माझी झीज झाली, तिचे कुणाला दिले?"

"कुणालाच नाही. पण तुझी किंमत आम्ही पहिल्याच दिवशी मोजली होती की!"

"किती?"

"त्रेचाळीस हजार आठशे."

"माझ्या पाठीवर कागद चिकटवलाय. मी किती दिवस चालेन ते त्यावर लिहिलंय. वाच आणि भागाकार कर."

कागदावर लिहिलं होतं, आयुष्य सातशे तीस दिवस. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. उत्तर आलं साठ.

हात्तिच्या! मी त्या साठाकडे बघतच राहिले. "म्हणजे पैसे आम्ही एकदम दिले, पण तू खर्च होतोस रोज थोडाथोडा?"

"हो. याला घसारा म्हणतात (वापरामुळे यंत्राची झीज होते, तिची पैशांतली किंमत). त्यासाठी आज पेटीतून कुणाला काही द्यावं लागत नाही, म्हणून पैसे पेटीत दिसतात. पण तो खर्च मांडला नाही, तर नफा आहे त्याहून मोठा दिसतो. तुम्ही तो वाटून खाता. मग एके दिवशी यंत्र बंद पडतं आणि पेटीही रिकामी असते."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. "तू रोज पाच वाजता सांगतोस, तो आकडा..."

"आत्ता चारशे एकोणतीस. पाच वाजता एक कमी होईल."

"तुला भीती नाही वाटत?"

"भीती कुठल्या खात्यात मांडायची, ते मला कुणी शिकवलं नाही." या वेळी आवाज संगीताचा होता. आमच्या तुकडीतली संगीता दिवाळीतच शाळा सोडून गेली होती.

"त्या पैशांतून तुझी दुरुस्ती करता येईल ना रे?"

"नाही. चाळण्या संपल्या की माझ्यात काही उरत नाही. ते पैसे नव्या यंत्राचे."

"म्हणजे तू तुझ्या जागी येणाऱ्यासाठी पैसे जमवतोयस?"

"मी फक्त मोजतो. जमवायचे की खायचे, ते तुम्ही ठरवायचं."

टपटप पुन्हा सुरू झाली. मला रडू आलं. झिरप्यासाठी आलं आणि खरं सांगायचं तर समुद्रासाठीही आलं.

सोमवारी मी सही केली नाही. बाप रे, काय गोंधळ झाला! कुणी मला कंजूष म्हणालं, कुणी शिष्ट. तबस्सुमचे डोळे भरून आले. "तुझ्या एकटीमुळे सगळ्यांची सहल बुडायलीय!"

"मलाही समुद्र बघायचाय गं!" मी ओरडले. मग तो कप्पाच आणून टेबलावर ठेवला आणि फळ्यावर भागाकार मांडला. "यातले अठरा हजार आपले नाहीत. पुढच्या नववीच्या हातात आपण काय देणार? बंद पडलेलं खोकं?"

तबस्सुमनं भुकटीकडे पाहिलं आणि ती तडक झिरप्यासमोर जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या मागे. "आम्ही सगळे पैसे उडवले, तर तू काय करशील?"

"चारशे अठ्ठावीस दिवस पाणी देईन."

"आणि मग?"

पाणी नुसतं ठिबकत राहिलं. मग एकेक जण आपापल्या जागी जाऊन बसला आणि पैसे पेटीतच राहिले.

तबस्सुम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कागद नाचवत आली. "हे बघ. एका लिटरला तीन रुपये खर्च, एक रुपया झिरप्याची झीज, आपल्याला उरतो एकच रुपया. थांब्यावरचा दुकानदार दहानं विकतोय. आपण सहा केले, तर नफा दुप्पट होतो की!"

गिऱ्हाइकांनी चार दिवस कुरकुर केली, मग निमूटपणे सहा रुपये देऊ लागली. रोजचा नफा एकशे वीस झाला. दीडशे दिवसांत राहिलेले अठरा हजार जमले, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समुद्र पाहिला. तो पैसा पूर्णपणे आमचा होता, म्हणून मी पाण्यात जरा जास्तच उड्या मारल्या.

मी दहावी पास झाले त्या जूनमध्ये झिरप्याचा शेवटचा दिवस आला. पाच वाजता आम्ही सगळे आलो होतो. त्यानं जमा सांगितली, खर्च सांगितला, यंत्राचे साठ सांगितले, आणि मग तो शून्य म्हणाला. टपटप थांबली. तबस्सुमनं माझा हात घट्ट धरला होता. घसाऱ्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पेटीत त्रेचाळीस हजार आठशे रुपये होते. नव्या यंत्राची किंमत पाच हजारांनी वाढली होती, तेवढे नफ्यातून घातले. "तो पुढचा धडा," पोफळे सर म्हणाले.

नवं यंत्र आलं. नववीच्या नव्या मुलांनी त्याला आठवडाभर धडे वाचून दाखवले. ते पहिल्यांदा बोललं, तेव्हा मी मुद्दाम तिथे गेले होते.

"माझ्याआधी इथे कोण होतं?" त्यानं विचारलं.

नववीतली एक बारकीशी मुलगी पुढे झाली. ती त्यांची खजिनदार होती. तिनं यंत्रावर हात ठेवला.

"झिरप्या होता," ती म्हणाली. "त्यानं स्वतःला रोज मोजलं आणि आमच्या ताईंनी त्याचे साठ रुपये कुणाला खाऊ दिले नाहीत, म्हणून तू आलास."